सगळ्या गल्ल्या झाल्या

वादळावरची फिल्म काढायला शहरातून आलेल्या लोकांना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी हव्या होत्या. पडकं घर, रडणारी बाई आणि गाव ओळखणारा माणूस. पडकी घरं दोन वर्षांनंतरही ढिगानं होती. रडायला बायका होत्याच, त्यांना काय, कॅमेरा नसला तरी त्या रडत होत्या. आणि गाव ओळखणारा माणूस म्हणून सगळ्यांनी हॅलोकडे बोट दाखवलं.

हॅलो म्हणजे पूर्वीचा लाउडस्पीकरवाला. सभा असो, दुकानाचं उद्घाटन असो, कुणाचं पोर हरवलेलं असो, हा भोंगे बांधायचा आणि माइकवर तीनदा ‘हॅलो, हॅलो, हॅलो’ केल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. त्यावरून नाव पडलं आणि असं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा चारचौघांत त्याला तेच म्हणायची. वादळात दुकान गेलं. तेव्हापासून तो लोकांचे पंखे-मिक्सर दुरुस्त करून दिवस ढकलत होता.

फिल्मवाले तिघे होते. एक मॅडम, त्या सांगतील तसं सगळं. एक कॅमेरामन, तो जेवतानाच काय तो तोंड उघडायचा. आणि एक आवाज घेणारा, त्याचं तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि तो शहराकडे पळाला. मॅडमनी हॅलोकडे पाहिलं.

“दादा, तुम्ही माइकवालेच ना? मग आवाज तुम्हीच घ्या.”

“मॅडम, मी आवाज सोडणारा माणूस. घेणारा नाही.”

“एकच आहे हो ते. तार तीच, फक्त तोंड उलटं.”

अर्ध्या दिवसात त्यांनी त्याला सगळं शिकवलं. कॉलरला लावायचा बारका माइक, कानावरचे हेडफोन, लाल पट्ट्यात जाऊ द्यायचं नाही ते आवाज मोजणाऱ्या काट्याचं टोक. आणि एक गंमत शिकवली. मुलाखत संपली की कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही, मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. पुढे फिल्म कापताना जिथे भोक पडतं तिथे ही शांतता भरतात म्हणे. “प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दादा. एकीची दुसरीला चालत नाही.” हॅलो हसला. जन्मभर गोंगाट भाड्यानं दिला, गप्प बसण्यालाही गिऱ्हाईक असतं हे चाळिशीनंतर कळलं.

दोन दिवस बरं चाललं. हॅलोला काम आवडायलाही लागलं. माणूस बोलायच्या आधी त्याचा श्वास आपल्याला ऐकू येतो, गिळलेला आवंढा ऐकू येतो, हे त्याला नवीन होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते सगळे आपत्ती निवारणाच्या कार्यालयात गेले.

वादळाच्या वेळी तिथे जो कारकून होता तो आता साहेब झाला होता. सात माणसं एका गल्लीत मेली आणि त्यावर ज्यानं अहवाल लिहिला त्याला बढती मिळाली, यात नवल वाटायचं काही कारण नाही. अहवाल नीटनेटका होता. साहेबानं केस विंचरले, टेबलावरचा चहाचा डाग रुमालानं पुसला आणि कॅमेऱ्यासमोर जाडजूड रजिस्टर उघडलं.

“हे बघा. सूचना मिळाल्यापासून दोन तासांत आम्ही संपूर्ण गावात भोंगा फिरवला. घरं सोडा, शाळेच्या इमारतीत या. ही यादी. बाजाराची गल्ली, टाकीची गल्ली, गोदामाची, आणि ही शेवटची, मागची गल्ली. चार वाजून दहा मिनिटं. सगळ्यांपुढे खूण आहे.”

“पण मागच्या गल्लीतले लोक आलेच नाहीत,” मॅडम म्हणाल्या.

“ऐकलं नाही त्यांनी. आता लोकांनी ऐकायचंच नाही असं ठरवलं तर सरकार काय कानात जाऊन बसणार?” साहेबाला आपलं वाक्य आवडलं. मग त्याची नजर हेडफोन घातलेल्या माणसावर गेली. “अरे! हा काय इथेच आहे की! हॅलो! मॅडम, यानंच फिरवला होता भोंगा. टेम्पोवर उभा राहून, भर पावसात. विचारा त्याला.”

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. “दादा! पाच दिवस आमच्याबरोबर फिरताय आणि हे सांगितलं नाहीत?”

“त्यात काय सांगायचं?” हॅलो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला हेडफोनमध्ये ऐकू आला. पोकळ, डब्यातून आल्यासारखा.

“उद्या सकाळी तुमची मुलाखत. टेम्पोवर उभं करूनच घेऊ. ज्या माणसानं गाव जागं केलं तो माणूस! फिल्मची सुरुवातच तुमच्यापासून करते मी.”

साहेबानं उठून हॅलोच्या पाठीवर थाप मारली. माइकमध्ये तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि काटा लालमध्ये गेला.

आता खरं काय ते सांगून टाकू, कारण हॅलोला ते पाठ आहे आणि दोन वर्षांत ते त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारी त्यानं गाव खरंच पालथं घातलं होतं. घसा फुटेपर्यंत ओरडला होता. शेवटी मागची गल्ली राहिली. ती गल्ली म्हणजे उतारावरची बोळ, टेम्पो आत शिरत नाही. उतरायचं, भोंगा खांद्यावर घ्यायचा, अँप्लिफायर आणि बॅटरी दुसऱ्या हातात, आणि नऊ घरं चालत जायची. पाऊस आडवा लागला होता. अँप्लिफायर कोरा होता, महिन्यापूर्वीच आणलेला, आणि ताडपत्री वाऱ्यानं फाटलेली. टेम्पोवाला ओरडत होता, “अरे चल, ऐकलं असेल त्यांनी, एवढा बोंबललास तू!” वादळ रात्री नऊला येणार असं सांगितलं होतं. हॅलोनं विचार केला, वेळ आहे. यंत्र दुकानात ठेवू आणि मग चालत येऊन नुसतं तोंडानं सांगू. त्यानं शर्ट काढून अँप्लिफायरला गुंडाळला. तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला. वाटेत कार्यालय लागलं. कारकुनानं दारातूनच विचारलं, “सगळ्या गल्ल्या झाल्या?”

“झाल्या,” हॅलो म्हणाला.

खोटं बोलायचं म्हणून बोलला नाही तो. आपण जाणारच आहोत आत्ता, मग झाल्यातच जमा, असं त्याच्या मनात होतं. वादळ नऊला येणार होतं ते सहाला आलं. दुकानातलं बाकीचं सामान वर चढवून तो बाहेर पडेपर्यंत रस्त्यावर माणूस उभा राहत नव्हता. मागच्या गल्लीत सात गेले. तो अँप्लिफायरही त्याच संध्याकाळी दुकानासकट पाण्याखाली गेला.

चौकशी झाली तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले होते, भोंगा आला नाही. अधिकाऱ्यानं रजिस्टर दाखवलं. मग लोक म्हणाले, वाऱ्याचा आवाज होता, पत्रे वाजत होते, कदाचित आला असेल. आणखी चार वेळा विचारल्यावर दोघंतिघं तर म्हणायला लागले, हो, आला होता, बारीकसा ऐकल्यासारखा वाटतो. कागदावर लिहिलेलं आणि साहेबानं वाचलेलं माणसाला स्वतःच्या कानांपेक्षा खरं वाटतं. हॅलो तेव्हा तिथेच, गर्दीच्या मागे, खाली मान घालून उभा होता. कुणी त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर आपण काय बोललो असतो हे तो स्वतःलाही कधी विचारत नसे.

दुपारची मुलाखत मागच्या गल्लीतच होती.

घर शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं. त्यांचा नवरा वेल्डर होता आणि हॅलोचा दोस्त. टेम्पोवर भोंगा बसवायची लोखंडी चौकट त्यानंच करून दिली होती आणि पैसे द्यायला गेल्यावर म्हणाला होता, “ठेव रे, माझ्या पोराचं लग्न झालं की फुकट वाजव.” पोर व्हायच्या आधीच गेला. दोन वर्षांत हॅलो या गल्लीत फिरकला नव्हता. मॅडमच्या यादीत हे घर आहे हे त्याला सकाळीच दिसलं होतं. पोट बिघडायचं तर आज आपलं बिघडायला हवं होतं, असं त्याला दारात चपला काढताना वाटलं.

खोली एकच, नवीन विटांची, अजून गिलावा नसलेली. एका बाजूला खाट, खाटेवर सासू. दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकवलेलं शिलाई मशीन, त्याच्यावर चादर घातलेली, चादरीवर भांडी. सासूला ऐकायला कमी येत होतं, पण बघायला पुरेपूर.

“कोण आलंय?” म्हातारीनं समोरच्या भिंतीला विचारलं.

“फिल्मवाले आलेत म्हणावं,” वहिनींनी चुलीपाशी उभं राहून भांड्याला सांगितलं, पण मोठ्यानं.

“चहा टाकायला सांगा कुणीतरी.”

“टाकलाय म्हणावं.”

मॅडमनी हॅलोकडे पाहिलं. तो कुजबुजला, “सासू बोलत नाही त्यांच्याशी. दोन वर्षं झाली, लोक सांगतात.” का, ते त्यालाही माहीत नव्हतं. घरोघरी असतंच काहीतरी, असं त्यानं धरलेलं.

त्यानं वहिनींच्या पदराला माइक लावला. “भाऊ, तुम्ही हल्ली येत नाही,” त्या म्हणाल्या. त्यानं “काम असतं” असं काहीतरी पुटपुटून हेडफोन चढवले आणि कोपऱ्यात मांडी घातली.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी काय झालं? वहिनी सांगायला लागल्या. सरळ सांगत होत्या, सामान मोजून घेतल्यासारखं.

“शाळेच्या गणवेशाची ऑर्डर होती. बत्तीस स्कर्ट. सकाळपासून मशीनवर बसले होते. हे रात्रपाळी करून आलेले, झोपले होते. आईंना ऐकू येत नाही. म्हणजे घरात जागी आणि कानाची धड अशी मी एकटीच.” त्या थांबल्या. हॅलोच्या कानात त्यांचा श्वास आला आणि गेला. “भोंगा चार वाजून दहा मिनिटांनी आला. रजिस्टरमध्ये आहे तसं. बाकीच्यांना निदान वाऱ्याचं निमित्त आहे. माझ्या तर कानापाशी मोटर चालू होती. पाचला लाइट गेली तेव्हा मशीन थांबलं. पाच मिनिटं जरी आधी थांबले असते... दोरा तुटला असता एखादा. नेहमी तुटतो. त्या दिवशी एकदाही तुटला नाही.”

“पण तुम्ही स्वतःला दोष...” मॅडम म्हणायला लागल्या.

“ऐका ना. सहाला पाणी आलं. ह्यांनी आईंना माळ्यावर चढवलं, मला वर ढकललं. मग मागची भिंत आली त्यांच्या अंगावर. आईंनी बघितलं ते. त्या तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच बोलल्या, म्हणाल्या, तुझ्या मशीनच्या खडखडाटानं माझा मुलगा खाल्ला. खोटं काय आहे त्यात? तेव्हापासून मशीनला हात लावलेला नाही. आता दुकानात हिशेबाच्या पावत्या फाडते. आवाज होत नाही त्याचा.”

हॅलोच्या डोळ्यांपुढचा काटा डोलत होता. हिरव्यात, हिरव्यात. दोन वर्षं त्याला वाटत होतं की आपलं पाप आपल्यापाशी आहे. जेवताना घशाशी येतं, झोपेत दचकवतं, पण आपलंच आहे, दुसऱ्या कुणाचं ताट त्यानं उष्टं केलेलं नाही. आणि इथे ही बाई दोन वर्षं तेच पाप पोटच्या पोरासारखं सांभाळत बसली होती. त्याचंच. त्यानं फक्त “झाल्या” म्हटलं आणि ते चालत चालत इथे येऊन हिच्या मशीनवर बसलं.

“छान,” मॅडम हळूच म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या. “म्हणजे... धन्यवाद, ताई. आता एक मिनिट कुणी बोलू नका. खोलीचा आवाज घ्यायचाय. दादा, घ्या.”

सगळे गप्प झाले.

हॅलोनं घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद. दहा. हेडफोनमध्ये खोली भरून राहिली. चहाचं भांडं गार होताना टिकटिक करत होतं. म्हातारीच्या छातीत घरघर होती. बाहेर लांबून कुणीतरी बादली ओढली. आणि पदराच्या माइकमधून वहिनींचा श्वास, अगदी त्याच्या कानाच्या पाळीशी. या खोलीत दोन वर्षं हाच आवाज आहे, त्याच्या मनात आलं. कापून कुठेही चिकटवा. वीस सेकंद. आणखी चाळीस सेकंद तोंड मिटून बसलं की संपलं. उद्या टेम्पोवर उभं राहायचं. गाव जागं करणारा माणूस.

“भोंगा आलाच नव्हता,” हॅलो म्हणाला.

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. “शूऽऽ! दादा, तुम्हीच काय...”

“वहिनी, मी या गल्लीत आलोच नव्हतो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि परत गेलो. पाऊस होता. नवीन अँप्लिफायर होता. भिजेल म्हणून गेलो. कार्यालयात सांगितलं सगळ्या झाल्या. तुमचं मशीन बंद असतं तरी तुम्हाला काही ऐकू आलं नसतं. ऐकायला काही नव्हतंच.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. हॅलो मार खायच्या तयारीनं बसला होता. बुक्की मारली असती तर बरं झालं असतं.

“अँप्लिफायर,” त्या म्हणाल्या. एवढंच.

“थांबा, थांबा,” मॅडम उठल्या. त्यांचे हात हवेत होते. “कॅमेरा बंद होता. दादा, मला कळतंय हे किती... पण हे पुन्हा बोलाल का? असंच. तिथे दारापाशी बसा, उजेड चांगला आहे.”

“तुम्ही गप्प बसा हो बाई,” वहिनी म्हणाल्या. मग हॅलोला म्हणाल्या, “मला काय सांगता? मला सांगून काय होणार? त्यांना सांगा.” हात खाटेकडे.

हॅलो उठला. हेडफोन काढून गळ्यात घातले. खाटेसमोर जाऊन उकिडवा बसला. “काकू,” तो म्हणाला, “त्या दिवशी भोंगा आला नव्हता.”

“काय?” म्हातारीनं हात कानामागे नेला.

“मी भोंगा आणला नव्हता. गल्लीत.”

“मोठ्यानं बोल. तोंडातल्या तोंडात काय गुळण्या करतोस?”

आयुष्यभर ज्याचा घसा भाड्यानं गेला त्या माणसाचा आवाज फुटेना. त्यानं दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, टेम्पोवर ओरडायचा तसा, पोटातून. “या गल्लीत भोंगा आलाच नव्हता! मी आलो नाही! मी खोटं सांगितलं! वहिनींची काही चूक नाही!”

नऊ घरांच्या बोळात असा आवाज लपत नाही. शेजारचं दार वाजलं. समोरची बाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. चौथ्या घरातला म्हातारा, चौकशीत “बारीकसा ऐकला” म्हणणाऱ्यांपैकी एक, दाराशी येऊन उभा राहिला आणि मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

“पुन्हा सांग,” म्हातारी म्हणाली.

हॅलोनं पुन्हा सांगितलं. शब्द न् शब्द, अँप्लिफायरसकट, कार्यालयातल्या वहीसकट.

“पुन्हा.”

“आई, बास,” वहिनी म्हणाल्या. भांड्याला नव्हे, सरळ सासूकडे तोंड करून. “ऐकू आलंय तुम्हाला.”

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा भिंत सोडून पाहिलं असेल. माफी मागायची सवय नसलेल्या माणसांचे शब्द भलतीकडेच वळतात. मग ती हॅलोवर खेकसली, “वहीत कोणी लिहिलंय म्हणालास?”

“कार्यालयात. साहेबानं.”

“आज उघडं आहे?”

“साडेपाचपर्यंत असतं.”

“मग बसलास काय?” ती खाटेवरून पाय खाली सोडायला लागली. पाय जमिनीला लागेनात. “माझ्या चपला दे गं.”

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना आपल्यालाच सांगितलंय हे कळायला एक क्षण लागला. मग त्या वाकल्या, खाटेखालून चपला ओढल्या आणि म्हातारीच्या पायात घालताना त्यांचं डोकं तिच्या गुडघ्याला लागलं ते तिथेच राहिलं. म्हातारीनं ते ढकललं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसती चपलेत पाय घुसवत बसून राहिली. कॅमेरामननं कॅमेऱ्याकडे हात नेला, मॅडमनी मान हलवून त्याला थांबवलं. तेवढं एक काम त्या दिवशी त्यांनी चांगलं केलं.

हॅलो दाराबाहेर आला. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती. कुणी शिवी दिली नाही. पीठवाल्या बाईचा दीर त्या सातांत होता. ती त्याच्याकडे बघत एकच म्हणाली, “नऊ घरं होती रे. किती पावलं लागतात?”

बोलून टाकलं की हलकं वाटतं असं लोक सांगतात. साफ थाप आहे. आतापर्यंत त्याला एका मरणाचं ओझं वाटायचं, कारण बाकीच्या सहांकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता ते सहाही घरांच्या दारांत उभे होते, आपापल्या माणसांच्या तोंडानं.

मागून म्हातारी सुनेच्या खांद्याला धरून उंबऱ्यावर आली. “चल पुढे,” ती म्हणाली. “तू पुढे हो. आम्हाला कोण ओळखतंय तिथे.”

हॅलो पुढे झाला. चढावर त्यानं पावलं मोजली. शंभरसुद्धा भरली नाहीत.